वईवरची चौकशी

“ओ बाई, ऐकलंत का? टेपावरच्या घरात म्हणं तिसरी पोरगी पण हाय.”

वहिनींचा आवाज वईपलीकडून आला तेव्हा मी ओट्यावर वाल निवडत होते. बातमी सांगताना वहिनी आधी ‘म्हणं’ लावतात. पुढे खोटी निघाली तर जबाबदारी त्या ‘म्हणं’ची.

“तिसरी कुठली? दोघीच तर आहेत. एक कॉलेजात, एक शाळेत.”

“तेच तर सांगतेय. दोघी दिसतात, तिसरी दिसत नाय. माझ्या जावेची बहीण बियाणं आणायला गेलती, तिनं पाहिली. कणगीच्या मागं निजवलेली. दहा-बारा वर्षांची असंल. लाळ गळते, मान धरत नाय.”

एवढ्यात वहिनींच्या मागच्या खोलीतून मॅडम धुण्याची बादली घेऊन आल्या. वाक्याचं शेपूट त्यांच्या कानावर पडलं असावं. बादली खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ वईला येऊन टेकल्या.

“कुठल्या टेपावर, वहिनी?”

वहिनींचा चेहरा उतरला. “माझं नाव घेऊ नका हां मॅडम. मी डोळ्यांनी पाहिलं नाय.”

मॅडम म्हणजे वहिनींच्या भाडेकरू. आमच्या किन्हवलीत त्यांना कोणी नावाने ओळखत नाही, ‘अपंगांच्या बाई’ म्हणतात. कागदावर त्या समग्र शिक्षेतल्या विशेष शिक्षिका. समग्र शिक्षा 2018 पासूनची, त्याआधी हेच काम सर्व शिक्षा अभियानात चालायचं. त्यांची एक अशी शाळा नाही. आज डोळखांबच्या बाजूला, उद्या शेणव्याकडे, परवा गटसाधन केंद्रात बैठक. ज्या शाळेत असं मूल असेल तिथे जायचं, त्याच्यासोबत बसायचं, त्याच्या गुरुजींसोबत बसायचं आणि मिळेल त्या जीपने परत. जे मूल शाळेपर्यंत पोचूच शकत नाही त्याच्या घरी जायचं, त्याला म्हणतात गृहाधारित शिक्षण.

वहिनींचं यावर मत पक्कं आहे. “पंधरा दिवसांतून एकदा जायचं, तासभर पोराशी खेळायचं, ह्याला काय नोकरी म्हणतात? आमच्या वेळचे मास्तर शाळेतच मुक्कामाला असायचे.” हे त्या मॅडमना तोंडावर म्हणत नाहीत, मला म्हणतात. पण वई काही भिंत नव्हे.

मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली बाई. पाड्यावरच्या घरोघरच्या पोरांची वजनं माझ्या वहीत होती, तरी सांगते, सर्वेक्षणाला गेलेल्या माणसाला दारात उभं करून लोक काय सांगतात ते मला पाठ आहे. “घरात कोणी अपंग?” “नाय.” “नक्की?” “नक्की नाय.” आत कणगीमागे पोर असतं आणि बाहेर आई पाण्याचा तांब्या पुढे करत असते. आईला दोष द्यायला जीभ उचलत नाही. घरात दोन लग्नाच्या मुली असतात. स्थळवाले आधी मुलीच्या घरी जात नाहीत, आधी शेजारी चौकशी करतात. ‘घराण्यात काही आहे का?’ या एका प्रश्नावर सोयरीक अडते. आणि उत्तर कोण देतं? वहिनी देतात. मीही दिलेलं आहे. ज्या तोंडांच्या भीतीने पोर लपतं, त्याच तोंडांतून त्याचा पत्ता लागतो, असा हा कारभार.

मॅडमना हे पहिल्या वर्षीच कळलं असावं. त्या ‘अपंग’ हा शब्द दारात काढतच नाहीत. एकदा सोबत गेले होते म्हणून सांगते. चहा घेतात, भेंडीला काय भाव मिळाला विचारतात, गरवं भात लोंबीला आलं का विचारतात. मग हळूच, “तुमच्याकडे चालायला उशीर लागलेलं कोणी? हाक मारली तरी वळून न बघणारं? रात्री झटके येणारं?” बाया लगेच सांगतात. स्वतःच्या घरातलं नाही, शेजारच्या घरातलं. दोन घरं फिरलं की पाढा पुरा होतो.

टेपावर त्या दोन दिवसांनी गेल्या. वरीचे तांदूळ मिळतील का, या निमित्ताने. संध्याकाळी वईपाशी आल्या तेव्हा हातात खरंच वरीचे तांदूळ होते.

“आहे,” म्हणाल्या.

“बघा! मी म्हटलं नव्हतं?” वहिनी.

जन्मताना रडलीच नव्हती. बाळंतपण वाटेत, जीपमध्ये, पावसात. नंतर मान धरली नाही, बसली नाही. सेरेब्रल पाल्सी. सरकारी मराठीत ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हणतात, पण त्यात कुणाला वाटतं की म्हाताऱ्यांना होतो तो लकवा. हा तो नव्हे. जन्माच्या सुमाराला कोवळ्या मेंदूला इजा झाली की हातापायांचा ताल बिघडतो, समज मात्र पुष्कळदा शाबूत असते. आईला कुणीतरी सांगितलं होतं की पोरगी वेडी आहे. ती दहा-बारा वर्षं तसंच धरून बसलेली.

“मग काय शिकवलंत? अ आ इ?” वहिनींनी विचारलं. टोमणाच होता तो.

“पेज प्यायला.”

आणि मग मॅडमनी वईच्या त्या बाजूला, धुण्याच्या दगडावर बसून, करून दाखवलं. आई पोरीला आडवं निजवून तोंडात पेज ओतायची. डोकं मागे, घसा उघडा. दर घोटाला ठसका. पेज श्वासनळीत उतरते, छाती भरते, म्हणून दर पावसाळ्यात ताप. खुर्ची नव्हती, तर मॅडमनी खोलीचा कोपरा वापरला. दोन भिंती जिथे मिळतात तिथे पाठ टेकवून बसवली, दोन्ही बाजूंना गोधड्यांच्या गुंडाळ्या, गुडघ्यांखाली एक. मान किंचित पुढे, हनुवटी खाली. छोटा चमचा, अर्धाच भरलेला. जिभेच्या मध्यावर ठेवायचा, तोंड मिटेपर्यंत थांबायचं, गिळल्याचं गळ्याला दिसलं की मगच दुसरा. एका वाटीला अर्धा तास गेला. ठसका एकदाच.

“आईने काय केलं माहितीय, काकू? वाटी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, आता तुम्ही बघा, मी करते.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. चुलीकडे बघायला म्हणून गेल्या आणि लगेच परत आल्या.

पुढच्या फेरीत मॅडमनी धाकट्या बहिणीला कामाला लावलं. दोन्ही हातांत दोन वाट्या, एकीत पेज, एकीत गूळ घातलेलं दूध. विचारायचं, काय पाहिजे? आणि थांबायचं. पोरगी हात उचलू शकत नाही, बोलू शकत नाही, पण डोळे फिरवू शकते. ज्या वाटीवर डोळे थांबतील ती द्यायची. चार दिवसांनी धाकटीने निरोप धाडला: ताईला पेज आवडतच नाही!

मॅडमचं गणित वहिनींना कळलं नाही ते इथे. एका माणसाला केंद्रातल्या सगळ्या शाळा आणि वर ही घरं. त्या रोज येऊ शकत नाहीत हे उघडच आहे. म्हणून त्या पोराला शिकवत नाहीत, पोराच्या भोवतीच्या माणसांना शिकवतात. आईला, बहिणीला, वर्गाच्या गुरुजींना, खिचडी शिजवणाऱ्या बाईला. खिचडीवाल्या बाईंचं तर काय सांगू. एका शाळेत डाऊन सिंड्रोमचा मुलगा आहे, गोड, पण सदऱ्याची बटणं उघडी टाकून फिरणारा. मॅडमनी बाईंना युक्ती दिली: बटण तुम्ही काजातून अर्धं पार करा, शेवटचं ओढणं त्याला करू द्या. ते जमलं की एक पायरी मागे या. म्हणजे शिकवायचं शेवटाकडून, कारण मग काम संपल्याचा आनंद दर वेळी पोराच्या वाट्याला येतो. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की खिचडी आता बटणं लागल्याशिवाय वाढतच नाहीत. बाकीची पोरंही बटणं लावून रांगेत.

त्याच शाळेत एका मुलीला झटके येतात. पूर्वी कांदा, चप्पल, लोखंडाची किल्ली, सगळं नाकाशी धरून व्हायचं. आता भिंतीवर मॅडमच्या अक्षरात चार ओळी आहेत: कुशीवर वळवा, मानेभोवतीचं सैल करा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन. भगताकडे जाऊ नका असं मात्र लिहिलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “जाऊ देत. फक्त गोळी चुकवू नका म्हणते. दोन्ही केलं तर मला चालतं.” मला हे पटलं.

कागदाची बाजू वेगळीच. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. वहिनींना हे ऐकून हसूच आलं. “आंधळा, लंगडा, मुका-बहिरा अन् खुळा. बाकीचे सतरा कुठनं काढले?” मॅडमनी बोटं मोडत सांगायला सुरुवात केली: स्वमग्नता, वाचन-लेखनातली अडचण, बुटकेपणा, कुष्ठरोगातून बरं झाल्यावर राहिलेलं व्यंग, अ‍ॅसिड हल्ला, थॅलेसेमिया, सिकलसेल... सिकलसेलला वहिनी थांबल्या. ठाकरवाडीतल्या दोन घरांत तो आहे हे आम्हाला माहीत होतं, तो या यादीत बसतो हे माहीत नव्हतं.

आणि टक्के! प्रमाणपत्रावर 40 किंवा वर पडले तरच पुढचे लाभ. त्यामुळे आमच्याकडे दहावीच्या निकालासारखी विचारपूस चालते. “तुमच्या पोराला किती पडले?” “पंच्याहत्तर.” “आमच्याला अडतीसच दिले हो.” आणि अडतीसवाल्याचा बाप खरोखर नापास झाल्यासारखा घरी येतो. त्या टक्क्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. डॉक्टर ठरलेल्या वारीच बसतात. मजुरी बुडवून, पोराला पाठीवर घेऊन, टेपावरून रस्त्यापर्यंत, तिथून आसनगाव, तिथून लोकल. तिथे कळतं, आज मानसोपचारवाले आलेले नाहीत. असं एकदा मॅडमसोबत गेलेल्या एका घराचं झालं. त्यांनी दुसऱ्यांदा जायला साफ नकार दिला. मग मॅडमनी काय केलं, तर त्या भागातली आणखी चार पोरं गोळा केली आणि एक जीप ठरवून सगळ्यांना एकदम नेलं. जीपचे पैसे कुणी दिले हे मी विचारलं नाही. वहिनींनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “झाले ते.”

हातात येतं ते फार नाही. अशा मुलीला प्रोत्साहन भत्ता म्हणून महिना 200 रुपये, वर्षाचे 10 महिने. पण तो बँकेत जमा होतो, आणि ज्या खात्यात दोन वर्षं दुसरी उलाढाल नाही ते खातं झोपी जातं. मग खातं जागं करायला पुन्हा जीप.

मुरबाडच्या बाजूचं मॅडमची मैत्रीण सांगते, ती टोकावड्याकडे हेच काम करते. तिच्याकडे एक दहावीचा मुलगा आहे. मोबाइल उघडून पुन्हा जोडतो, ट्रॅक्टर चालवतो, गणित तोंडी करतो, पण वाचायला बसला की ओळ त्याच्या डोळ्यांपुढे नाचते. मास्तर म्हणायचे आळशी. आपल्या महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलत 1996 पासून आहे. तासाला 20 मिनिटं जादा, लागला तर लेखनिक. देशात हे आधी सुरू करणाऱ्यांत आपण. पण त्याचं निदान करून दाखला देणारं केंद्र म्हटलं की बोट शीवच्या रुग्णालयाकडे, म्हणजे मुंबईकडे जातं. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणपर्यंत एसटी, पुढे गाडी. सवलत मुंबईतल्या आईबापांना तेव्हाच कळली. माळशेजच्या पायथ्याशी ती पोचायला पंचवीस वर्षं का लागावीत, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

वहिनींची एक भाची न्यू जर्सीला असते. तीही तिकडे एका चार्टर स्कूलमध्ये अशाच मुलांची शिक्षिका. ‘चार्टर स्कूल’ म्हणजे काय हे वहिनींनी आम्हाला समजावून सांगितलं ते असं: “पैसे सरकारचे, कारभार संस्थेचा. आपल्या अनुदानित शाळेसारखंच. फक्त करार करतात, इतकं करून दाखवू, नाय जमलं तर बंद करा.” बरोबरच सांगितलं. याचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने 1991 साली केला. दिवाळीच्या सुमाराला भाचीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा वहिनींनी फोन वईवरून मॅडमच्या हातात दिला. दोघी अर्धा तास बोलत होत्या. आम्हाला निम्मं कळलं नाही. पण एक शब्द दोन्हीकडून सारखा येत होता: आयईपी. त्या एका मुलाने या वर्षात काय शिकायचं, कुणी शिकवायचं, कसं तपासायचं, हा त्याच्यापुरता आराखडा. तिकडे तो 1975 च्या कायद्यापासून बंधनकारक, आईबापांना बैठकीला बोलवावंच लागतं, आणि त्यांना पटलं नाही तर ते शाळेला कोर्टात खेचू शकतात. मॅडम म्हणाल्या, माझ्याकडे आई अंगठा लावते आणि विचारते, याचे पैसे कधी जमा होणार?

भाची हसली, मग म्हणाली, माझीही नोकरी वर्षावर्षाच्या करारावर आहे.

“अमेरिकेत पण?” वहिनींचा विश्वास बसेना. त्यांना मार्च आला की काळजी, मॅडमचं कंत्राट वाढलं नाही तर खोली रिकामी. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या ऑक्टोबरात सांगितलं की प्राथमिकला अशा 10 मुलांमागे आणि त्यावरच्या वर्गांना 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि तोही कायम. मग 2024 साली आपल्या मंत्रिमंडळाने केंद्रागणिक एक अशी 4,860 पदं मंजूर केली आणि कंत्राटावरच्यांना त्यात घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी वहिनींनी गोड भात केला होता. मॅडमसाठी की खोलीसाठी, ते त्यांनाच ठाऊक. केंद्राला एक हे ऐकायला भरघोस वाटतं. पण एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात, आणि आमच्याकडे शाळेपासून शाळेपर्यंत ओढा असतो, धरणाचं पाणी असतं, नाहीतर नुसताच चढ. तानसा, वैतरणा, भातसा, मुंबईला पाजायचं बहुतेक पाणी इथेच अडवलेलं.

टेपावरच्या थोरलीला परवा धसईकडचं स्थळ आलं. चौकशीला माणसं अर्थातच वहिनींच्या ओट्यावर. मी वाल घेऊन वईपाशीच बसले. वहिनींनी पाणी दिलं, घर चांगलं आहे म्हणाल्या, पोरगी बारावी झाली म्हणाल्या. आणि मग आपण होऊनच: “तिसरी पण हाय. लहानपणापासून अधू. पण आता बसून जेवते, काय पाहिजे ते डोळ्यांनी सांगते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते, सरकारी शिबिरातनं मिळाली. जाऊन बघा की.” पाहुणे एकमेकांकडे बघत राहिले. त्यांचा निरोप अजून आलेला नाही. मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्या खूश होतील वाटलं. त्या म्हणाल्या, “थोरलीला विचारून सांगायला हवं होतं.” वहिनी दोन दिवस फुरंगटून होत्या.

दिवाळी झाली आणि कातकरी पाडा रिकामा होऊ लागला. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर माणसं निघाली, आता परत येतील ती पावसाच्या तोंडावर. त्यात मॅडमचा एक मुलगा, दुसरीतला, कानाला यंत्र लावणारा. यंत्र मिळून तीनच महिने झालेले. आधी ओढून फेकायचा, आता सकाळी उठल्यावर स्वतः मागतो. भट्टीवर धूळ, राख, आणि बॅटरी संपली की आणणार कोण? शिक्षण हमी कार्ड हातात दिलं की तिकडच्या शाळेत बसता येतं खरं, पण तिकडची भट्टी कुठली हेच माहीत नाही. बाप म्हणाला, मुकादम नेईल तिथे.

“कुठला मुकादम?” वहिनींनी वईवरून विचारलं.

मॅडमनी नाव सांगितलं.

“अरे, तो! तो तर माझ्या दिराच्या ओळखीचा. त्याची भट्टी पडघ्याच्या अलीकडं. थांबा, नंबर आहे.” वहिनी आत गेल्या, कॅलेंडरच्या मागे लिहिलेला नंबर मोठ्याने वाचला, मॅडमनी मोबाइलमध्ये घातला. भिवंडी तालुक्यातल्या विशेष शिक्षिकेला तिथल्या तिथे फोन गेला: पोराचं नाव, कुठला कान, बॅटरीचा नंबर काय.

“अन् मॅडम,” वहिनी म्हणाल्या, “त्या मुकादमाशी बोलणं होईल तर एक विचारा. गेल्या साली दिरानं पाच हजार विटांचे पैसे दिलते, चारशे कमी उतरवल्यात. तेवढी पण चौकशी करा.”